एलोवेन ऊर्फ काय?

माणसाला दोन नावं लागतात. एक दाखल्यावर लिहायला आणि दुसरं हाक मारायला. आपल्याकडे ही व्यवस्था फार जुनी आहे. बाराव्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'पुरुषोत्तम' म्हणून कुर्र करते आणि तेराव्या दिवसापासून घरादाराला त्या पुरुषोत्तमाचा विसर पडून तिथे 'बाळ्या' नांदू लागतो. हा बाळ्या पुढे कलेक्टर झाला, त्याच्या टेबलावर पूर्ण नावाची पितळी पाटी लागली, तरी गावची म्हातारी त्याला गाडीतून उतरताना पाहून 'अगो बाई, बाळ्या!' असंच म्हणणार. दाखल्यातल्या नावासाठी आपण पंचांग काढतो, अक्षर पाहतो, प्रसंगी व्याह्यांशी भांडतो. हाकेचं नाव मात्र दुधावर साय धरावी तसं आपोआप धरतं.

पण समजा, नाही धरलं तर? हा प्रश्न आमच्या शेजारच्या वहिनींना पडला.

त्यांची लेक इंग्लंडात डॉक्टर आहे. इंग्लंडने नकाशात नैर्ऋत्येला समुद्रात जो एक पाय लांब केला आहे, त्या पायावर कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथे ट्रूरो गावी ती असते. जावई तिथलाच. त्यांना मुलगी झाली. इंग्लंडात जन्माची नोंद करायला बेचाळीस दिवसांची मुदत मिळते, त्यामुळे तिथल्या आईबापांना आपल्यासारखी बाराव्या दिवसाची घाई नसते. या दोघांनी मुदत जवळजवळ संपवत आणली आणि एके रात्री वहिनींच्या फोनवर निरोप आला : नाव 'एलोवेन' ठेवलं.

निरोप इंग्रजी लिपीत होता. सकाळी आठपर्यंत तो आमच्या इमारतीत सगळीकडे फिरला आणि प्रत्येक मजल्यावर नाव बदललं. तळमजल्यावर 'इलोवन', पहिल्यावर 'एलोव्हीन', आणि तिसऱ्या मजल्यावर जिथे चोवीस तास क्रिकेट चालू असतं तिथे 'इलेव्हन'. आमची ही म्हणाली, "ॲलोव्हेरा? कोरफडीचं नाव ठेवलं? गुणी असते हो, पण कडू." वहिनी रडवेल्या झाल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. "भाऊजी, नाव काय वाटेल ते ठेवू देत. पण फोनवर हाक मारायची ती काय मारू? माझ्या तोंडी बसायला नको का? नातीला नावाने हाक मारता येत नसेल तर मी आजी कसली?"

मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला सोसायटीत दोन कामं असतात : पाण्याचे टँकर मोजणं आणि कुणाचं काही अडलं तर पुस्तकांत शोधून देणं. टँकर त्या दिवशी आला नव्हता.

इंग्लंडातलं नाव म्हणजे इंग्रजी नाव, असा आपला सरळ हिशेब असतो. कॉर्नवॉलात तो चालत नाही. तिथल्या लोकांची मूळची भाषा निराळी. तिचं नाव कर्नेवेक. वेल्श ही तिची बहीण, आणि समुद्रापलीकडे फ्रान्सच्या टोकावरची ब्रेतॉन ही तर अगदी पाठची बहीण. इंग्रजी तिची शेजारीण, आणि तीही एका भिंतीचं घर हळूहळू आपल्याकडे ओढून घेणारी. त्यामुळे तिथली पाटी दिसते एक आणि वाचायची असते भलतीच. 'फोवी' दिसणाऱ्या गावाला 'फॉय' म्हणायचं, 'लॉन्सेस्टन' दिसणाऱ्याला 'लान्सन'. समुद्रकाठच्या एका कोळीवाड्याचं स्पेलिंग तर चक्क 'माउसहोल', म्हणजे उंदराचं बीळ. पण तिथे जाऊन 'माउसहोल कुठे आलं?' असं विचाराल तर बीळवाले ओळख देणार नाहीत. त्याचा उच्चार 'माउझल'. आपल्या शिवेचं सायन करणाऱ्या मंडळींनी स्वतःच्या घरातही हेच उद्योग केले आहेत, हे वाचून मला बरं वाटलं.

आडनावांचं मात्र सोपं आहे. 'ट्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डोह, 'पेन' म्हणजे टोक किंवा माथा. आडनावाच्या तोंडी या तिघांपैकी एक दिसलं की माणूस कॉर्नवॉलचा, असा तिकडचा दंडक आहे आणि १६०२ सालच्या एका पुस्तकातही तो नोंदलेला आहे. आपण शेवटी 'कर' लावतो, ते सुरुवातीला 'ट्रे' लावतात. वहिनींच्या जावयाचं आडनाव 'ट्रे'चंच. थोडक्यात जावई वाडीकर निघाले. हे कळल्यावर वहिनींना अर्धा धीर आला.

आता या माउझलमध्ये अठराव्या शतकात एक मासेवाली राहत होती. डॉली पेंट्रीथ. 'पेन' म्हणजे टोक आणि 'ट्रेथ' म्हणजे वाळूचा किनारा, तेव्हा कोकणात जन्मली असती तर ही बाई 'पुळणीच्या टोकावरची' म्हणून ओळखली गेली असती. तिच्या काळापर्यंत कर्नेवेकचे दिवस भरत आले होते. १५४९ साली लंडनच्या सरकारने हुकूम काढला होता की यापुढे देवळातली प्रार्थना लॅटिनऐवजी इंग्रजीत झाली पाहिजे. कॉर्नवॉलकरांनी उलट कळवलं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी समजतच नाही. बंड झालं. हजारो माणसं मारली गेली. प्रार्थनेचं पुस्तक काही त्यांच्या भाषेत छापून आलं नाही. देवाशी इंग्रजीत बोलायची सवय एकदा लागली, की शेजाऱ्याशी इंग्रजीत बोलायला कितीसा वेळ लागणार! भाषा पश्चिमेकडे सरकत सरकत अखेर कोळणींच्या तोंडी उरली.

१७६८ साली डेन्स बॅरिंग्टन नावाचे एक कायदेपंडित, जुन्या गोष्टींचा शौक असलेले, कर्नेवेक बोलणारं कुणी शिल्लक आहे का ते शोधत माउझलला आले. त्यांना डॉलीच्या झोपडीपाशी नेलं. त्यांनी तिला सांगितलं की ही भाषा बोलणारं कुणी नाही अशी माझी पैज लागली आहे. झालं! बाई दोन-तीन मिनिटं तावातावाने काहीतरी बोलली. समोरच्या दारांत उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या हसू लागल्या. बॅरिंग्टनसाहेबांनी त्यांना विचारलं, ही मला शिव्या देतेय का? त्या म्हणाल्या, हो, आणि अगदी मनापासून. कारण हिला ही भाषा येत नाही असं तुम्ही धरून चाललात. हे सगळं साहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. एका भाषेचा अखेरचा म्हणून जो पुरावा पंडितांना मिळाला, तो मासळीबाजारातला होता. ज्यांनी कधी बोंबलाचा भाव पाडून मागितला आहे, त्यांना त्या पुराव्याचं वजन सांगायला नको.

डॉली १७७७ च्या डिसेंबरात वारली. तिच्यामागेही तुटकंमुटकं बोलणारे काही होते असं विद्वान सांगतात, पण शेवटची म्हणून मान तिचाच. १८६० साली तिच्या नावाचा दगड जवळच्या पॉल गावच्या चर्चच्या आवाराच्या भिंतीत बसवला, तोही नेपोलियनच्या एका पुतण्याने. लुई लुसियें बोनापार्टला भाषांचं वेड होतं. काकाने देश गोळा केले, पुतण्याने बोली. मला या सगळ्यात गंमत वाटली ती दुसरीच. 'डॉली' हे नाव नव्हेच. बाईचं खरं नाव डोरोथी. म्हणजे भाषेच्या इतिहासात ही बाई अमर झाली ती हाकेच्या नावाने, आणि ते हाकेचं नावही इंग्रजी!

मग बोलणारं कुणी नाही, तर 'एलोवेन'चा बरोबर उच्चार सांगणार कोण? याचंही उत्तर मिळालं. डॉली लहान असताना, १७०० च्या सुमारास, ऑक्सफर्डचे एडवर्ड ल्हुइड नावाचे एक वेल्श गृहस्थ कॉर्नवॉलात हिंडून लोकांचं बोलणं कान देऊन ऐकून गेले होते आणि ते त्यांनी आपल्या खास लिपीत १७०७ साली छापून ठेवलं. (आडनावातला 'ल्ह' लिहिताना इंग्रजांची जी तारांबळ उडते, ती आपली उडू नये. आपण कोल्हापूरवाले.) मध्ययुगातली काही धार्मिक नाटकंही शिल्लक होती. या भांडवलावर हेन्री जेनर यांनी १९०४ साली भाषेचं पाठ्यपुस्तक काढलं आणि हळूहळू हौशी माणसं ती शिकू लागली. शिकणारे शंभर-दोनशे झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर शुद्धलेखनावरून भांडण. एक गट म्हणे मध्ययुगातलं वळण खरं, दुसरा म्हणे डॉलीच्या काळातलं, तिसऱ्याने आपली निराळीच पद्धत बसवली. २००८ साली कुठे तडजोड होऊन एक सामाईक लेखन ठरलं. ज्या समाजाने १९६२ साली अनुस्वार उडाल्यावर दहा वर्षं उसासे टाकले, त्याला यात नवल वाटू नये. भांडण हे भाषेच्या जिवंतपणाचं लक्षण आहे असं माझं मत झालं आहे. मेलेल्या भाषेच्या ऱ्हस्व-दीर्घावरून कोण कुणाचं तोंड बघायचं सोडतो?

युनेस्कोला मात्र हे कळलं नाही. २००९ साली त्यांनी जगातल्या धोक्यात आलेल्या भाषांचा नकाशा काढला आणि त्यात कर्नेवेकला सरळ मृत ठरवलं. बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आम्ही बोलतोय ना! तेव्हा २०१० साली दुरुस्ती होऊन 'अत्यंत संकटात' असा शेरा पडला. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाणाऱ्या पेन्शनरांना यातली वेदना समजेल. समोर उभं राहून सही केली तरी कारकून आपल्याकडे संशयानेच बघतो. पुढे २०११ च्या शिरगणतीत ५५७ जणांनी आपली मुख्य भाषा कर्नेवेक म्हणून लिहिली. आमच्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला याहून जास्त पानं उठतात.

असो. तर उच्चाराचा नियम असा : जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा. त्यामुळे मुलगी झाली 'ए-लोऽ-वेन'. याच चालीवर आनंद या अर्थाची लोवेना होते 'लो-वेऽ-ना' आणि प्रेम या अर्थाची केरेन्सा होते 'के-रेऽन-झा'. मी वहिनींकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या घरातला कुकर शिट्टी देऊ लागला आणि तिचाही जोर बरोबर मधेच पडला.

"पण अर्थ काय हो?" त्या म्हणाल्या. अर्थ एल्म. एल्मचं झाड. आता एल्म म्हणजे काय ते सांगावं कसं? वनस्पतिशास्त्रात आपल्याकडचा वावळ हा त्याचा भाऊबंद. तसं मी सांगितलं. वहिनींना 'बावळ' ऐकू आलं आणि पुन्हा पाच मिनिटं समजूत काढावी लागली.

मला स्वतःला या झाडाने बराच वेळ धरून ठेवलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधल्या एल्मवर एका बुरशीचा रोग आला. सालीत राहणारे भुंगेरे तो या झाडावरून त्या झाडावर नेत. अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. कॉर्नवॉलात एल्मची एक उंच, सरळसोट जात होती, तिला कॉर्निश एल्मच म्हणत. रस्त्यांच्या कडेची, शेतांच्या बांधांवरची ती झाडं अशीच वाळून गेली. म्हणजे बोलणारे गेले आणि झाडंही गेली. आणि आता 'एलोवेन' म्हणून हाक मारली तर एक पोरगी रांगत येते. हे नाव फार जुनं नाही बरं का. आजच्या आईबापांनी कोशातून शब्द उचलून मुलींना ठेवलेलं आहे.

याच शब्दात आणखी एक खुबी आहे. आपण आधी एक झाड म्हणतो आणि मग अनेक झाडं. कर्नेवेकमध्ये उलटं. तिथे 'एलो' म्हणजे एल्मची झाडं, सगळी मिळून, राईच्या राई. त्यातलं एकच वेगळं काढायचं असेल तर पुढे 'एन' लावायचं. 'स्तेर' म्हणजे तारे, 'स्तेरेन' म्हणजे एक तारा. तसं 'एलोवेन' म्हणजे एक एल्म. आता लाडाचं नाव म्हणजे शेपूट कापणं, हे तर जगातलं सार्वत्रिक व्याकरण. एलोवेनची शेपटी कापून तुम्ही 'एलो' म्हणालात, की तुमच्या हाकेला एक मुलगी नव्हे, अख्खी राई ओ देते. मराठीत शेपूट कापल्यावर माणसाचं मोठेपण कमी होतं, पुरुषोत्तमाचा पुरश्या होतो. तिकडे ते वाढतं.

मी हे मोठ्या उत्साहाने वहिनींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते 'एलो' म्हणजे फोन उचलल्यासारखं वाटतं हो. मी शेपटीकडूनच धरते. वेन, वेनू... वेणू!" आणि वेणू म्हणजे बांबू, बासरी. तेही झाडच. तिकडची आजी 'एली' म्हणते, इकडची 'वेणू', आणि दाखल्यावरची एलोवेन फोनमध्ये दोघींकडे बघून सारखीच लाळ गाळते.

एकदा पुस्तकं उघडली की मिटवत नाहीत. तिकडच्या बाकी नावांचीही मी चौकशी केली. टॅम्सिन हे मुळात थॉमसीनचंच कापलेलं रूप, तेव्हा त्याला आणखी काय कापणार! जेकबचा तिकडे 'जेगो' होतो, पण स्पेलिंग असं की आपला माणूस ते 'जागो' वाचून ग्राहकाला शोधू लागेल. लव्हडे नावाची मुलगी असते. जुन्या काळी भांडणं सामोपचाराने मिटवण्यासाठी एक दिवस नेमून देत, त्याला लव्हडे म्हणत आणि त्या दिवशी जन्मलेल्यांना ते नाव ठेवत. २००७ साली आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तेव्हा कुणाला सुचलं नाही. नाहीतर दाखल्यावर 'तंटामुक्ता' आणि हाकेला 'मुक्ता', किती सोयीचं झालं असतं!

पण सगळ्यांत धाडसी नाव डेमेल्झा. हे कॉर्नवॉलातल्या एका चिमुकल्या वस्तीचं नाव. विन्स्टन ग्रॅहॅम या कादंबरीकाराला ते रस्त्यावरच्या पाटीवर दिसलं आणि त्याने ते आपल्या पोल्डार्क कादंबऱ्यांतल्या नायिकेला देऊन टाकलं. पुढे १९७५ साली बीबीसीने त्यावर मालिका काढली आणि घरोघर डेमेल्झा जन्माला येऊ लागल्या. म्हणजे आपल्याकडे एखाद्या लेखकाने पुणे-नाशिक रस्त्याने जाताना पाटी वाचून नायिकेचं नाव 'चाकण' ठेवावं आणि पुढे बारशाला आलेल्या मंडळींनी 'वा, काय गोड नाव!' म्हणावं, तसं. आपण हसू, पण गंगा, गोदा, नर्मदा, काशी ही नावं आपण तरी कुठून उचलली? नकाशावरूनच.

आणि एक नाव तर असं आहे की ते कॉर्नवॉलचं आहे हे कॉर्नवॉलबाहेर कुणाच्या ध्यानातही नाही. राजा आर्थरच्या राणीचं वेल्श नाव ग्वेनह्विवर. 'ग्वेन' म्हणजे गोरी. तेच नाव फ्रेंच कवींच्या तोंडून फिरून आलं ते ग्वेनिव्हिअर होऊन. कॉर्नवॉलच्या बायांनी मात्र ते आपल्या जिभेला सोसेल असं घासूनपुसून ठेवलं : जेनिफर. १९०६ साली बर्नार्ड शॉने एका नाटकातल्या नायिकेला हे नाव दिलं, तेव्हा ते इतकं अनोळखी होतं की तिच्या तोंडून खुलासा द्यावा लागला, बाबांनो, हे ग्वेनिव्हिअरचंच कॉर्नवॉली रूप. आणि १९७० ते १९८४, सलग पंधरा वर्षं, अमेरिकेत मुलींच्या नावांत पहिला नंबर जेनिफरचा! आपल्याकडे वसई, वांद्रे, गोवा इथल्या बाप्तिस्म्याच्या वह्या काढल्या तर किती जेनिफर निघतील देव जाणे. शशी कपूर यांच्याबरोबर १९७८ साली मुंबईत पृथ्वी थिएटर उभं करणाऱ्या जेनिफर केंडलही त्यातल्याच एक. त्यांच्यातल्या कुणालाही कॉर्नवॉलची आठवण ठेवायची गरज पडली नाही.

कॉर्नवॉलचे लोक स्वतः जेव्हा बाहेर पडले, तेव्हा जगाने त्यांच्या नावांची चिंताच मिटवून टाकली. तांब्याच्या खाणी बसल्या आणि तिथले खाणकामगार पोटासाठी ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत पांगले. १८८० च्या सुमारास जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी म्हैसूर संस्थानात कोलारला सोनं काढायला आली, तिच्या मागोमाग हे लोक तिथेही आले. या सगळ्यांना मिळून एकच नाव पडलं : 'कझिन जॅक'. म्हणतात की खाणीवर माणूस हवा असला की जो तो सांगे, आमचा जॅक नावाचा चुलतभाऊ आहे गावी, बोलावून घेऊ का? गिरणगावात कोकणातून आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला गावाकडे असाच एक रिकामा भाऊ होता. आणि या जॅकांच्या बायका? 'कझिन जेनी'. जेनिफर असो, जेन असो, सगळ्या जेनी. पुरुषांची एवढी गावंच्या गावं एका हाकेत बसली आणि बायकांची दुसऱ्या.

आता उरला डेन्झिल. गोव्यात, मंगळुरात, वांद्र्यात डेन्झिल भेटला नाही असा माणूस विरळा. १९६५ च्या युद्धात वीर चक्र मिळवणारे हवाई दलाचे डेन्झिल कीलरही आपल्याला ठाऊक आहेत. हे मूळचं कॉर्नवॉलातल्या एका जागेचं नाव, मग तिथल्या घराण्याचं आडनाव. लेक सासरी गेली की माहेरचं आडनाव नातवंडा-पतवंडांपैकी कुणाचं पहिलं नाव म्हणून ठेवायची तिकडे रीत होती. तसं ते डेन्झिल होल्सला मिळालं. १६४२ साली पहिला चार्ल्स राजा ज्या पाच खासदारांना धरायला पार्लमेंटात शिरला, त्यांतला हा एक.

हेच नाव समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं, ते आज आपल्याला सिनेमाच्या पडद्यावर दिसतं. डेन्झेल वॉशिंग्टन या नटाने मुलाखतीत सांगितलेली हकीकत आहे. त्याच्या वडिलांचं नावही डेन्झेल, उच्चार 'डेऽन-झेल'. मुलाचंही तेच ठेवलं. आईने आतून हाक मारली की बाप आणि लेक दोघंही उठून यायचे. शेवटी तिने मुलाला सांगून टाकलं की आजपासून तू 'डेन-झेऽल'. नाव तेच, स्पेलिंग तेच, नुसता जोर एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला. ल्हुइडसाहेब, जेनरसाहेब आणि २००८ सालची लेखनसमिती यांनी कौल कुणाच्या बाजूने दिला असता, हे त्या माउलीने कुणाला विचारलं नाही. तिने हाक मारली आणि हवा होता तोच आला.